व्याह्यांचं जर-तर

अख्ख्या नगर जिल्ह्यात माझ्या व्याह्यांइतका अटी घालणारा माणूस सापडायचा नाही, आणि सापडलाच तर माझ्याकडं आणू नका. मला एक पुरे झालाय. जन्मभर नागापूरच्या कारखान्यात लेथवर उभे राहिले, रिटायर झाले आणि पोराटोरांत बसून कॉम्प्युटरचा क्लास लावला. तिथं शिकवलं, की यंत्राला नुसतं 'कर' म्हणून भागत नाही. 'असं असेल तर हे कर, नाहीतर ते कर' असं लिहून द्यावं लागतं. झालं! तेव्हापासून माणूस सरळ बोलायचा बंद. बारशाला गेले तरी दारातून, "पोरगं झोपलं आसंल तर आदी जेवतो, नाहीतर आदी बघतो." एसटीत कंडक्टरला म्हणाले, "खिडकी मिळाली तर पारनेर, नाहीतर हितंच उतरतो." कंडक्टरनं हितंच उतरवलं.

जेवणाचाही प्रोग्राम लिहून त्यांनी विहीणबाईंना कौतुकानं वाचून दाखवला: भूक असेल तर एक भाकरी, नाहीतर, लई भूक असेल तर तीन. आता लई भूक असली म्हणजे भूक असतेच की! पहिल्याच अटीत गाडी थांबायची, तीन भाकरींपर्यंत पोचायचीच नाही. विहीणबाई वस्ताद. एक वाढली की टोपलं झाकायच्या.

"अगं, वाढ की अजून!"

"मी कशी वाढू? तुमचंच लिवल्यालं हाय."

'लई भूक' वरच्या ओळीत घेतली, तेव्हा कुठं त्यांचं पोट भरलं.

माझी बायको गेली त्याला वर्ष होत आलं. मला भात शिजवता येतो, बाकी काही नाही, आणि एकट्यासाठी तोही शिजवावा वाटेना. चहा-बिस्किटावर दिवस काढायचो. व्याह्यांच्या घरी दिलेली माझी लेक रडायला लागली. मग त्यांनी क्लासच्या बाईंना विचारून माझ्या मोबाईलात जेवणाची चौकशी करणारा एक प्रोग्राम घालून दिला. दुपारी त्यानं विचारलं, जेवला का? मी 'हो' लिहिलं. काय खाल्लं? 'भाकरी' लिहिलं, मोबाईल पालथा टाकला.

तासाभरात व्याही डबा घेऊन दारात.

"म्या जेवलो म्हनलं हुतं की!"

"पाव्हणं, तुमाला भाकरी थापता येती?"

"न्हाई."

"मंग? उत्तर भाकरी आलं तर मानूस उपाशी हाय, मला कळव, आसंच लिवलंय मी."

मला राग आला. म्हणालो, "एवढं येतंय तर लिवा, 'ती असती तर'. म्होरं काय लिवताल?"

व्याह्यांनी डबा उघडला. डब्याचं झाकण हातात तसंच.

"न्हाई सुचत," म्हणाले.

"मंग मोकळं सोडा."

"मोकळं सोडलं तर यंत्र अडून बसतं. काय करायचं ते ठरलं नसंल तर एक शब्द टाकायचा आसतो. पुढं चला, आसा त्याचा अर्थ."

"तेवढ्यावर भागतं?"

"यंत्राचं भागतं."

मग त्यांनी भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढं सरकवली. "जेवा," म्हणाले. जर नाही, तर नाही.

विहीणबाईंची भाकरी जाड असते. हिची पातळ असायची, पापुद्रा सुटलेली. खाल्ली मी.