बोरीखालची जागा

हे मी कुणाला बोललेलो नाही. पोराला नाही, बायकोला तर नाहीच. ती गेल्या थंडीत गेली. आता सांगून हलकं वाटेल — असंही काही नाही.

मी दिल्लीत सरकारी गाडी चालवायचो. शाळा चौथीपर्यंत. रिटायर झालो, लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर सोडलं आणि मुनिरक्यात, शहरानं वेढलेल्या जुन्या गावात, दोन खोल्या घेतल्या. मागे जंगल. शालन — माझी बायको — सकाळी तिकडे जायची. खालच्या उतारावर बोरीखाली गावातल्या बायका बसायच्या, ही त्यांच्यात. काय बोलायच्या? मला काय माहीत. एकदा दूध घेऊन वरच्या रस्त्यानं येताना बघितलं — शालन पोट धरून हसत होती. माझ्यासमोर ती तशी कधी हसली नाही. त्या दिवशी चहाला उशीर झाला म्हणून मी कप आपटला. चहासाठी आपटला का? नाही.

मग मीटिंग निघाली. जंगलखात्याचे लोक, गाववाले, आम्ही बाहेरचे — सगळ्यांनी मिळून ठरवायचं, फिरायची वाट कुठून काढायची, कुठला भाग झाडांसाठी बंद ठेवायचा. मीटिंग गावच्या चौपालीवर. तिथे म्हातारे हुक्का घेऊन बसतात, बायका पायरीसुद्धा चढत नाहीत. म्हणून त्यांच्यातल्या बिमलानं मला गल्लीत गाठलं. "भाईसाहब, हमारी जगह आप बता देना. बेरी के नीचे." घरी शालन म्हणाली, "अहो, विसरू नका हं."

विसरलो नाही — तेच तर सांगतोय.

चौपालीवर मोठा नकाशा पसरलेला. कॉलेजच्या एका मुलीनं टिकल्यांचं पाकीट माझ्या हातात दिलं. "अंकल, लेडीज़ जहाँ बैठती हैं, वहाँ बिंदी लगा दीजिए." नकाशा कळला नाही म्हणू? जन्मभर दिल्लीत गाडी चालवली, कसा नाही कळणार. बोट बोरीवर गेलंही होतं. मी ते उचललं आणि सगळ्या टिकल्या वरच्या रस्त्याला लावल्या.

"नीचे कोई नहीं जाता," म्हटलं.

उताराला तार लागली. बाक वर बसवले. पण वर गावातले सासरे, थोरले दीर फिरायचे — तिथे बिमलासारख्यांनी डोक्यावरून पदर ओढून गप्प बसायचं. कोण बसणार? शालन दोनदा जाऊन आली, मग नाही गेली. बाल्कनीत बसायला लागली. चहा वेळेवर मिळायला लागला.

तिला मी सांगितलं होतं — तुझ्यासाठी खूप भांडलो, कुणी ऐकलं नाही. तिनं त्या दिवशी माझ्यासाठी शिरा केला. मी खाल्ला. वर आणखी मागून घेतला.

तारेच्या आत झाडं दाट झालीत. मोर येतात. म्हणजे चांगलंच झालं ना — असं स्वतःला सांगून बघितलं. झाडं मी लावली नाहीत. मी फक्त बायका उठवल्या.

शालनच्या तेराव्याला बिमला आली. दारातच थांबली, रडली. म्हणाली, "भाईसाहब, आपने हमारे लिए कितनी लड़ाई लड़ी. दीदी सबको बताती थी."

मी हात जोडले.

"कोई बात नहीं," म्हणालो.