वाघाच्या पोटातलं पाऊण मण

मामा गेल्याचं कार्ड अमरावतीला माझ्या हातात पडलं, तेव्हा त्यांची तेरवी होऊन गेली होती. शाळेच्या पायरीवर उभ्यानंच ते दोनदा वाचलं आणि वर्गात जाऊन बसले. कोणाला काही सांगितलं नाही. वेळेवर सांगणं मला कधी जमलंच नाही…

मामा मालेगावच्या बाजारात कापसाचे मापारी होते. गाडी आली की आधी कापसात कोपरापर्यंत हात घालत आणि ओल लागली तर वजनातून तेवढी काट धरत. "पान्याले कापूस कसं म्हनू?" एवढंच बोलत. शेतकरी चिडत, पण पुढच्या खेपेला पुन्हा त्यांच्याच काट्यावर येत.

चार वर्षांपूर्वी केनवडकडच्या रानात एका साहेबानं वाघ मारला. वजनासाठी मामांना काट्यासकट बोलावणं आलं आणि सुट्टीत आलेली मी वजन इंग्रजीत लिहून द्यायला त्यांच्यासोबत गेले. वाघ दोरांनी बांधून टांगला. साडेपाच मण भरला. साहेब खूश झाला. एवढा भारी वाघ त्याच्या मित्रांत कोणी मारला नव्हता. मामा मात्र वाघाच्या फुगलेल्या पोटाकडे पाहत होते. आमिषाला बांधलेला हेला, म्हणजे रेडा, त्यानं मरण्याआधी पोटभर खाल्ला होता.

"सायबाले सांग, हेला बी वाघाच्या नावावर चढून राह्यला."

माणसं हसली. मामा हसले नाहीत. कातडं काढल्यावर त्यांनी पोट चिरायला लावलं, आतलं मांस टोपल्यात काढून वेगळं तोललं. पाऊण मण. "हे बी लिव, बाई. जेवलेला वाघ अन् उपाशी वाघ, दोघाईचं वजन सारखं कसं धरतीन?"

मी साहेबाला सांगितलं. त्याची गरज नाही, असं तो शांतपणे म्हणाला, माझ्याकडे न पाहता. लेखणी माझ्याच हातात होती. एक ओळ तर लिहायची होती…

"लिवलं न व?" मामांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

त्यानंतर बाजारात ते ज्याला त्याला सांगत, "सायबापुढं आमच्या भाचीनं खरं वजन लिवलं." दिवाळीला शेवटचे भेटले, तेव्हाही पाहुण्यांसमोर तेच सांगितलं. मी मान खाली घातली. लाजली, असं त्यांना वाटलं.

कार्ड आल्यावर पहिल्याच सुट्टीत मी मालेगावला गेले. ओसरीवर, ते जेवायला बसत तिथे, भिंतीवर काचेत एक कागद लावलेला होता. माझंच अक्षर. वाघाच्या वजनाची, मामांनी साहेबाकडून मागून घेतलेली प्रत. मामी म्हणाली, "आता आतातच चौकट करून आनली होती. तापात बी म्हनत, माह्या काट्याचं खरं लिवनारी एकच पोरगी हाये." मग पदर सावरून जवळ आली. "वाच न व माय. मले आयकू दे."

मी वाचलं. साडेपाच मण. आणि थांबले नाही… पोटातलं मांस पाऊण मण, ते वजा धरावं, असंही वाचलं.

"कुठं लिवलं हाये थे?"

वजनाच्या खाली कोरी जागा होती. मी तिथे बोट ठेवलं. मामीनं पदराच्या टोकानं तेवढीच काच पुसली आणि कपाळ टेकवलं.