मला हर्निया नव्हता

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि माझ्या शेजारच्या खुर्चीकडे बघून फार मायेने म्हणाले, "ताई, घाबरू नका. वेळेत आलात तुम्ही."

शेजारच्या खुर्चीत ऋषी बसला होता. तो म्हणाला, "मी नाही डॉक्टर. पेशंट हे आहेत, माझे बाबा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग फाइलकडे. फाइलवर छापलं होतं : विलास परब, वय त्रेपन्न, स्त्री. "सॉरी," ते म्हणाले, "आमच्या क्लिनिकच्या कॉम्प्युटरमध्ये ते आपोआपच पडतं. पुरुष इथे क्वचित येतात."

मग त्यांनी मला काय झालंय ते सांगितलं. 'इन्व्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमा', म्हणजे दुधाच्या नळीत सुरू होऊन नळीबाहेर आलेला कॅन्सर. मला दुधाच्या नळ्या आहेत हे मला त्रेपन्नाव्या वर्षी कळलं, आणि त्याच वाक्यात त्या बिघडल्याचंही कळलं.

हे मी मुख्यतः पुरुषांसाठी लिहितोय. डाव्या स्तनाग्राखाली वाटाण्याएवढी गाठ मला हिवाळ्यात लागली होती. दुखत नव्हती. मी दादरच्या एका शाळेत हेडक्लार्क आहे. ऑफिसची बॅग त्याच खांद्याला लावतो, पट्ट्याने झालं असेल असं ठरवून टाकलं. चार महिने बॅग उजव्या खांद्याला लावली. गाठीला त्याचं काही वाटलं नाही. शेवटी स्तनाग्र आत ओढलं गेलं तेव्हा बायकोने, सुनंदाने, मला हाताला धरून फॅमिली डॉक्टरकडे नेलं. तुम्ही चार महिने घालवू नका.

पुढे परळच्या हॉस्पिटलमध्ये 'मॅमोग्राफी' झाली, म्हणजे स्तनाचा एक्स-रे. दोन सपाट पट्ट्यांमध्ये स्तन दाबून धरतात. माझ्याकडे धरण्यासारखं फारसं नव्हतं. टेक्निशियन बाईंनी बराच प्रयत्न केला आणि म्हणाल्या, "काका, थोडं सहकार्य करा." आता यात मी काय सहकार्य करणार?

पण सगळ्यात अवघड जागा म्हणजे वेटिंग रूम. दारावर पाटी, 'पुरुषांनी बाहेर बसावे'. सुनंदाचे गुडघे जिने चढत नाहीत, म्हणून तिने माटुंग्याला वेगळा राहणाऱ्या ऋषीला फोन करून माझ्याबरोबर धाडलं होतं. दाराशी बसलेल्या मावशींनी आम्हा दोघांना पाहिलं आणि क्षणात निकाल दिला. ऋषीला म्हणाल्या, "पेशंट आत या." मला म्हणाल्या, "नातेवाईक बाहेर." ऋषीने माझा कागद दाखवला. मावशींनी कागद वाचला, मग मला वाचलं. आधी चेहरा, मग छाती, मग पुन्हा चेहरा. आत गेलो तर वीस-बावीस बायकांनी तेच केलं, त्याच क्रमाने. एका आजींनी तर मला सरळ विचारलं, "तुमच्या मिसेस कुठे गेल्या?"

मी घामाघूम झालो. ऋषी हळूच म्हणाला, "तिसऱ्यांदा बघतील तेव्हा आपणच नमस्कार करायचा, बाबा. त्यांची सुटका होते."

"तुला कसं ठाऊक?"

"मला रोज बघतात," तो म्हणाला आणि मोबाइल काढून बसला.

आता ऋषीबद्दल सांगायला हवं. ते सांगितल्याशिवाय माझ्या आजाराची हकिगत खरी होणार नाही.

ऋषी आमचं एकुलतं एक अपत्य. मुलगी म्हणून जन्मला, मुलगी म्हणून आम्ही वाढवला. बाविसाव्या वर्षी त्याने आम्हाला समोर बसवून सांगितलं, की मी मुलगा आहे, माझं नाव ऋषी. सुनंदा दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी ऋषी म्हणून हाक मारू लागली. मी रडलो नाही आणि हाकही मारली नाही. अठ्ठावीस वर्षं मी शाळेच्या दाखल्यांवर 'मुलगा' किंवा 'मुलगी' लिहीत आलोय. एकदा लिहिलेलं खोडायचं नाही, असा आमचा नियम.

त्याच वर्षी गणपतीत ते घडलं. लालबागला आमच्या चाळीच्या मंडपात रोज एका घराला आरतीचा मान असतो आणि मानकऱ्यांची नावं माइकवरून पुकारायचं काम माझं. एक पाहुणे दर्शनाला आले. खोताच्या वाडीतले कोणी होते, मला अनोळखी. ऋषीकडे बघून कौतुकाने म्हणाले, "चिरंजीव अगदी तुमच्यावर गेलेत." अनोळखी माणूस पहिल्याच नजरेत बरोबर बोलला होता. मी फटकन म्हणालो, "चिरंजीव कसला, मुलगी आहे ती. डोकं फिरलंय तिचं."

माइक माझ्या हातात होता. चालू होता.

तीन मजले, दोन कर्णे. वर गॅलरीत वाळत घातलेले कपडेसुद्धा थांबले असं मला वाटलं. ऋषी त्याच संध्याकाळी बॅग भरून माटुंग्याला मैत्रिणीच्या भावाच्या खोलीवर राहायला गेला. त्यानंतर चार वर्षं त्याने चाळीत पाऊल टाकलं नाही. सुनंदा त्याला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर भेटायची, डब्यात वालाचं बिरडं घेऊन. मी महिन्यातून एकदा फोन करायचो. "जेवण झालं का?" एवढंच विचारायचो, कारण त्या वाक्यात समोरचा कोण आहे हे ठरवावं लागत नाही.

आणि आता देवाने, नियतीने किंवा कॉम्प्युटरने मलाच 'स्त्री' करून त्याच्या शेजारी आणून बसवलं होतं.

यावर एखादा शहाणा झाला असता. मी चाळीत सांगितलं, मला हर्निया आहे. बायकांचा आजार झालाय हे कोणत्या तोंडाने सांगणार? आमच्याकडे आजारी माणसाला बघायला सगळा मजला येतो, शहाळं आणि बिस्किटांचे पुडे घेऊन. दुसऱ्या मजल्यावरच्या मांजरेकर काकूंनी त्यांच्या दिराचा हर्निया एक तास समजावून सांगितला. मी मान डोलावत राहिलो.

श्रावणात ऑपरेशन झालं. 'मास्टेक्टॉमी', म्हणजे स्तन पूर्ण काढणं. सोबत काखेतल्या दोन गाठी तपासल्या, त्या स्वच्छ निघाल्या. स्तनांच्या ऑपरेशनचा वॉर्ड बायकांचा, म्हणून मला पुरुषांच्या जनरल वॉर्डात ठेवलं. माझ्या दोन्ही बाजूंना हर्नियाचेच पेशंट होते. खोटं बोलण्याची शिक्षा इतक्या लगेच मिळेल असं वाटलं नव्हतं.

त्या वॉर्डात पेशंटजवळ फक्त पुरुष नातेवाईक बसू शकतो. पहिल्या दिवशी गिरगावातून मेहुणा आला, तो स्टुलावर बसून घोरला आणि पाठ धरली म्हणून सकाळी घरी गेला. सुनंदाला चार ते सहा सोडून आत घेत नव्हते. साडेदहाला ऋषी आला. दारावरच्या वॉचमनने त्याचं आधार कार्ड पाहिलं. ते अजून जुनंच होतं, नाव जुनं, फोटोत दोन वेण्या.

"मॅडम, इथं लेडीज बसत नाहीत."

ऋषी कार्ड पुढे धरून उभाच राहिला. त्याला सवय होती. दाढीची रेघ आलेला माणूस आणि वेण्यांचा फोटो यांच्यामध्ये वॉचमनची नजर वर-खाली फिरत होती. सिस्टर दाराशी गेल्या आणि तिथूनच मोठ्याने विचारलं, "परब काका, हे कोण तुमचे?"

सगळा वॉर्ड माझ्याकडे बघायला लागला. हर्नियांना दिवसभर दुसरा उद्योग नसतो.

"मुलगा आहे माझा," मी म्हणालो.

"कार्डावर मुलगी आहे."

"कार्ड चुकलंय. मी शाळेत हेडक्लार्क आहे सिस्टर. अशा चुका कशा होतात मला माहीत आहे."

सिस्टरांनी क्षणभर विचार केला आणि पासवर लिहिलं : ऋषी परब, मुलगा. चार वर्षांत जे मला जमलं नाही ते त्यांनी एका ओळीत केलं.

पण कबूल करतो, त्या वेळी मला जोराची लघवी लागली होती. एका हाताला सलाइन, दुसरा हात उचलत नव्हता, मेहुणा गेलेला. मी 'मुलगा' म्हणालो ते प्रेमाने की गरजेने, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. तशी छातीही आता एकच बाजूची उरलीय.

ऋषीलाही ते कळलं होतं. बाथरूममधून परत आणताना तो म्हणाला, "नड होती म्हणून म्हणालात ना?"

"हो," मी म्हणालो. "थोडं."

तो हसला. चार वर्षांनी पहिल्यांदा.

ऑपरेशननंतर छातीतून एक नळी बाहेर काढतात, टोकाला प्लास्टिकचा डबा. त्याला 'ड्रेन' म्हणतात. जखमेतलं पाणी त्यात साठतं, ते रोज मोजून लिहायचं असतं. सिस्टर दाखवायला आल्या तर ऋषीने आधीच नळी दोन बोटांत धरून वरून खाली सफाईने ओढली होती, डबा रिकामा करून, दाबून पुन्हा लावला होता. उशी काखेखाली कशी ठेवायची, बटणाचाच शर्ट का घालायचा, हात भिंतीवर रोज बोटभर वर कसा न्यायचा, सगळं त्याला येत होतं.

"कुठे शिकलास हे?"

त्याने वरची दोन बटणं उघडली. सपाट छातीवर दोन आडव्या फिक्या रेघा. दोन वर्षांपूर्वीच्या.

मी त्या रेघा पाहिल्या, माझ्या नळीचा डबा पाहिला. मग विचारलं, "तेव्हा तुझ्याजवळ कोण होतं?"

"मित्र होता. तो जेवायला गेला की डबा मीच मोजायचो. आईला मीच कळू दिलं नाही, तुमचं भांडण झालं असतं." बटणं लावत तो पुढे म्हणाला, "माझ्या दोन्ही बाजू गेल्या, तुमची एक. अजून मी सीनियर आहे."

बाजूच्या हर्नियाला हसू आवरेना, आणि हसलं की टाके दुखतात म्हणून तो बिचारा पोट धरून बसला.

त्या दुपारी मी त्याला म्हणालो, "घरी चल. मंडपात मी सगळ्यांसमोर चूक सुधारतो." तो म्हणाला, "मला न विचारता माइकवर एक शब्दही नको. काय बोलणार ते आधी लिहून दाखवा." मी पावणेदोन पानं लिहिली. त्याने क्षमेची सात वाक्यं खोडली, 'पापी' हा शब्द तीनदा होता तो तिन्ही ठिकाणी काढला. चार ओळी उरल्या. "एवढंच," म्हणाला. "आणि हर्नियाचं काय?" ते मी लिहिलंच नव्हतं.

गणपतीच्या तिसऱ्या दिवशी आमच्या घराचा मान होता. ऋषी आला. जिन्यात दोन क्षण थांबला, मग वर आला. संध्याकाळी मंडपात मी उभा राहिलो, पण उजव्या हातात कागद होता आणि डावा अजून वर जात नव्हता, म्हणून माइक त्यानेच माझ्या तोंडासमोर धरला.

मी वाचलं, "आजच्या आरतीचे मानकरी, ऋषी विलास परब. हा माझा मुलगा. चार वर्षांपूर्वी याच माइकवरून मी चुकीचं सांगितलं होतं. ती चूक माझी, त्याची नाही." मग कागदावर नसलेलं बोललो, "आणि मला हर्निया नव्हता. स्तनाचा कॅन्सर होता. काढलाय."

कर्ण्यांतून आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. मग दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून मांजरेकर काकू ओरडल्या, "अरे विलास, झिलाचा आमका पयल्यापासून म्हायत होता. हर्निया मात्र आमका खरो वाटलो रे."

मालवणीत झील म्हणजे मुलगा. सगळी चाळ हसली. ऋषीही. माइक चालूच होता, त्यामुळे त्याचं हसणंही तीन मजले गेलं. सेक्रेटरीने आरतीचं ताट त्याच्या हातात दिलं.

आता मी रोज 'टॅमॉक्सिफेन'ची गोळी घेतो, शरीरातल्या स्त्री-हार्मोनचा कॅन्सरवर होणारा परिणाम थांबवणारी. तिने अंगातून अचानक गरम वाफा निघतात. पंखा पाचवर करून बसलो की सुनंदा म्हणते, "मला होत होतं तेव्हा पंखा दोनवर करायचात तुम्ही." हेही माफीच्या यादीत घेतलंय.

गाठ लागली तर दाखवा, पुरुष असलात तरी. वेटिंग रूममध्ये बघतील. तिसऱ्या नजरेला नमस्कार करा. डॉक्टर, सिस्टर, त्या मॅमोग्राफीच्या बाई, सगळ्यांचा मी ऋणी आहे. आणि शेजारच्या स्टुलावर बसलेल्याचा तर आहेच.

त्या दिवशी आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत एका अनोळखी बाईंनी ऋषीच्या पाठीवर टकटक केलं. "ताई, जरा सरकता का?" ऋषी सरकला. मी छाती पुढे काढून तोंड उघडलं.

"बाबा," तो माझ्या हातावर शिरा ठेवत म्हणाला, "खा आधी. प्रत्येकाला माइक लागत नाही."