त्यांच्या वाटचा रोट

त्या श्रावणात मी कानबाईवर रुसले होते. सासूबाईंनी उभा जन्म तिचं केलं, आणि तिला निरोप देऊन दोन दिवस होत नाहीत तोच त्यांनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी आशा सोडली. एकुलता एक मुलगा, म्हणजे आमचे हे, नैरोबीच्या कापड गिरणीत मेकॅनिक. सुरतेजवळ उधन्याच्या खोलीत सासूबाईंचे पाय चोळताना मी देवीला विचारत होते, एवढं केलं त्याचं हेच का फळ?

आम्हा खानदेशी घरांत कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. ते रोट घरच्यांनीच खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. सासूबाईंनी परदेशातल्या मुलाच्या नावचे गहूही घेतले होते. त्याचा रोट फडक्यात बांधून उशाशी ठेवला होता. तो आता खाणार कोण, हेच माझ्या मनात येई.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात यांचा फोन आला. उद्या सकाळी निघतो म्हणाले, विमानाला सहा तास लागतात. मी तसंच घरी येऊन सांगितलं. आजारपणात पहिल्यांदाच सासूबाई हसल्या.

"सहा तास? अठून आपलं गाव बी तितलंच दूर शे. मंग कसानी चिंता?"

आमच्या लेखी अंतर म्हणजे एसटीचे तास. विमान मुंबईला उतरतं, पुढे सुरतेपर्यंत रेल्वे आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही आणि माझ्याही.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली तरी हे आले नाहीत. जरा पाऊल वाजलं की सासूबाई दाराकडे बघत. श्वास लागला होता, पण जीव सुटत नव्हता. मला बघवेना. निरोपानंतर देव्हाऱ्यात परत ठेवलेल्या कानबाईच्या नारळापुढे मी हात जोडले. "माय, सासूबाईंना वाचव असं आता म्हणत नाही. तुला वाटेल तसं कर, पण ही वाट पाहणं संपव."

थोड्या वेळाने दुकानदार धावत आला. "भाभी, फोन आव्यो! भाई मुंबई पोंची गया, गाडीमां बेसी गया!"

सासूबाईंनी ऐकलं. "उना मना आंडोर," आला माझा मुलगा, एवढंच म्हणाल्या, फडक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. ते पुन्हा उघडले नाहीत.

हे पोचले पहाटे. अग्नी देऊन आल्यावर मी त्या फोनचं सांगितलं, तर माझ्याकडे बघतच राहिले. "मी कुठे फोन केला? विमानच उशिरा सुटलं. त्या वेळी मी अजून समुद्रावर होतो." दुकानदाराला विचारलं, तर कोण्या बाईचा आवाज होता, एवढंच त्याला आठवत होतं.

रोट दगडासारखा झाला होता. सुतकात खावा की नाही, हा प्रश्न भाऊबंदांपैकी कोणी काढला नाही. यांनी तो पाण्यात भिजवला आणि रडत रडत संपवला. पौर्णिमा दुसऱ्या दिवशी होती.

तो फोन कोणी केला, याचा शोध आम्ही घेतला नाही. जीव मागत होते तोवर मला काही मिळालं नाही. मागणं सोडलं, तेव्हा सासूबाई सुखाने गेल्या. माझा रुसवा कधी गेला, कळलंही नाही. रोटात बायकांच्या नावाचे गहू घेत नाहीत. पण आता दरवर्षी यांच्या नावाचे घेऊन झाले की आणखी सव्वा मूठ मी सासूबाईंच्या नावाने, कोणाला न सांगता घेते.