आर्नहेममध्ये टेक्नोच्या मुळाशी, नानांसोबत

निखिल, म्हणजे माझा नवरा, कामाला बसला की हेडफोनवर टेक्नो लावतो. गायक नाही, शब्द नाहीत, नुसतं धप् धप् धप्. “यात ऐकतोस काय?” असं मी नऊ वर्षं विचारतेय आणि तो नऊ वर्षं नुसता हसतोय. त्यामुळे आर्नहेमला एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये काही हौशी मंडळींनी टेक्नोच्या इतिहासाचं प्रदर्शन भरवलंय असं कळल्यावर ठरवलं, एकदाचा छडा लावायचा.

निखिलला नेमकं त्या शनिवारी काम निघालं. घरात उरले नाना, माझे सासरे. पुण्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे अ‍ॅमस्टरडॅमजवळ हार्लेमला आलेले. पिंपरीच्या एका मोटार कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रांच्या विभागात, त्यांची उभी हयात गेली आणि तिथेच कानही गेले. कानाचं मशीन आहे, पण ते कायम खिशात. घरी कोणी आलं की नाना आतल्या खोलीत. अशा माणसाला संगीताच्या प्रदर्शनाला काय न्यायचं? तरी त्यांच्या उजव्या कानाशी जाऊन ओरडले, “नाना, हे संगीत अमेरिकेत डेट्रॉईटला जन्मलं म्हणे!”

“डेट्रॉईट?” नाना वळले. “मोटारींचं गाव ते. आमची एक जुनी प्रेस तिथूनच आली होती. येतो मी.”

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती: हार्लेमहून अ‍ॅमस्टरडॅमला गाडी बदलून आर्नहेमला पोचायला दीड-पावणेदोन तास धरा. सवलतीचं कार्ड असेल तर शनिवार-रविवारी सोबतच्या माणसालाही सूट मिळते. आणि आजोबांशी मोठ्याने बोलावं लागत असेल तर शांततेच्या डब्यात बसू नका. आम्ही बसलो. समोरच्या बाईंनी काही न बोलता काचेवरच्या पाटीकडे बोट दाखवलं, मग आम्ही दशम्यांचा डबा उचलून पुढच्या डब्यात गेलो.

स्टेशनपासून शेडपर्यंत बसने पंधरा मिनिटं. आत टेबलांवर जुनी यंत्रं, भिंतीवर तबकड्या. माहिती सांगायला इनेका नावाच्या साठीच्या बाई होत्या. बारीक कापलेले पांढरे केस, हातात कॉफी. त्यांचं इंग्रजी मी नानांना मराठीत सांगत होते. पाच मिनिटांत माझा घसा बसला. नानांनी ते पाहिलं आणि न सांगता खिशातून मशीन काढून कानात घातलं.

इनेका सांगत होत्या ती गोष्ट मला नवीन होती. मला टेक्नो युरोपातलंच वाटायचं. प्रत्यक्षात ऐंशीच्या दशकात डेट्रॉईटच्या काही कृष्णवर्णीय तरुणांनी ते घडवलं. मोटार कारखाने बंद पडत होते, शहर रिकामं होत होतं. ही मुलं रेडिओवर अमेरिकन फंक ऐकायची, जर्मनांचं यंत्रसंगीतही ऐकायची. जपानी ड्रम मशीन कोणाला फारशी नको होती, म्हणून जुनी स्वस्तात मिळायची. त्यावर त्यांनी हे संगीत रचलं. तबकड्या समुद्रापार आल्या, युरोप नाचायला लागला आणि रॉटरडॅमच्या पोरांनी तर त्याचा वेग इतका वाढवला की इनेका म्हणाल्या, “मी तेव्हा तरुण होते, तरी मला धाप लागायची.”

नानांनी मला कोपराने डिवचलं. “विचार त्यांना, त्या पोरांचे बाप कारखान्यात होते का?”

“काहींच्या घरचे होते,” इनेका म्हणाल्या.

“मग बापांनी हे ऐकलं का?”

इनेकांनी कप खाली ठेवला. “हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मला माहीत नाही.”

मग त्यांनी नानांना एका ड्रम मशीनपुढे बसवलं. एका ओळीत सोळा बटणं. जे दाबाल तिथे ठोका पडतो. सोळा म्हटल्यावर मला तीनताल आठवला. नानांना नाही. त्यांनी पहिलं बटण दाबलं, तीन सोडली, पाचवं दाबलं, मग बराच विचार करून अकरावं. ठोके सुरू झाले. लाकडी फरशी पायाखाली हलायला लागली.

“पत्रा ठेवायचा,” नाना ठोक्यावर बोलायला लागले, “हात बाहेर... धाड! पत्रा काढायचा. आमची जुनी प्रेस पायाने चालायची. मनात मोजत राहायचं. साळुंखेचं एकदा मोजणं चुकलं. चार बोटं गेली. माझ्या शेजारीच उभा होता.”

मी हे इनेकांना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी मशीन बंद केलं नाही. नाना दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत राहिले. मी पहिल्यांदा त्या धप् धप् मधली रिकामी जागा ऐकली. हात बाहेर काढायची जागा.

संध्याकाळी घरी जेवताना निखिलला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “नाना, मला कधी नेलं नाहीत कारखान्यात.”

“नेलं होतं. पाच वर्षांचा होतास. दारातच कानांवर हात ठेवून रडायला लागलास, म्हणून परत आणलं.” नानांनी ताटातला भात कालवला. “बरं वाटलं मला. म्हटलं, हा इथे येणार नाही.”

निखिलने वरणाचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं.

टेक्नो मला आवडायला लागलं का? एखाददुसरा तुकडा, तोही भांडी घासताना. प्रदर्शन मात्र जरूर बघा, आणि जमलं तर यंत्रावर काम केलेलं कोणी सोबत न्या. नाना आता पुण्याला परतलेत. गेल्या रविवारी निखिलने व्हिडिओ कॉलवर त्यांना विचारलं, “नाना, पहिल्या पाळीला घरातून किती वाजता निघायचात?” पाऊण तासाने मी खोलीत डोकावले, तेव्हा ते दोघे जेमतेम जेवणाच्या सुट्टीपर्यंत पोचले होते.