गव्हाणचा शंकर

रविवारी पहाटे कामोठ्याहून निघालो, तेव्हा स्कूटर मिलिंद चालवत होता आणि मी मागे बसलो होतो. पूर्वी उलटं असायचं. मिलिंद आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. दुर्बीण धरायला त्याला मी शिकवलं, तेही मागच्याच हिवाळ्यात. आणि गेल्या आठवड्यात या पठ्ठ्याला गव्हाणजवळ शंकर दिसला! शंकर म्हणजे चिमणीएवढा हिवाळी पाहुणा, गळा गडद निळा. त्याच्यासाठी मी आठ हिवाळे चिखल तुडवतोय. मिलिंदनं त्याचा फोटो प्रोफाइलला लावला. मी ‘वा!’ असं लिहिलं आणि दोन दिवस त्याच्याशी धड बोललो नाही. जळत होतो, दुसरं काय!

“तुला दाखवल्याशिवाय मला चैन नाही पडणार,” तो म्हणाला. म्हणून ही सहल.

गव्हाणला टपरीवर आम्लेट-पाव खाल्ला आणि बांधावरून उघाडीकडे (खाडीचं पाणी अडवायची झडप) निघालो. वाटेत माझा बूट चिखलात रुतला. त्याचा नाही रुतला, याचाही मला राग आला. उघाडीपाशी एक मावशी जाळं झटकत होत्या. मला त्या कित्येक वर्षं येता-जाता बघतात, पण हाक मारली त्याला.

“आलाव का भाऊ? तुमची चिमनी हाय तिथंच.”

“मावशी, आज माझ्या गुरूंना आणलंय.”

मावशींनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “यांना नाय दिसली अजून?”

आम्ही पाणकणसांच्या आडोशाला बसलो. पक्षी दिसला की बोलायचं नाही, सोबत्याच्या खांद्याला बोट लावायचं, हेही मीच मिलिंदला शिकवलेलं. तो पाठमोरा होऊन थर्मास उघडत होता आणि समोरच्या चिखलावर शंकर आला. शेपटी उभारून थांबला. कोवळ्या उन्हात तो निळा गळा असा काही उजळला की माझे डोळेच भरून आले. मिलिंदचा खांदा हातभर अंतरावर होता. पण बोट लावलं असतं, तर माझा शंकर मिलिंदनं दाखवलेला ठरला असता. मी हात मांडीवरच ठेवला. पक्षी गवतात शिरला.

“काही दिसलं?” चहा पुढे करत त्यानं विचारलं.

“छे.”

त्यानंतर तो भर उन्हात साडेअकरापर्यंत बसून राहिला. घरी सासरे जेवायला यायचे होते, बायकोचे दोन फोन येऊन गेले. दर वेळी “अजून थोडंच” म्हणत होता. शेवटी मीच त्याला उठवलं, तर म्हणाला, “पुढच्या रविवारी पुन्हा येऊ.”

परतताना सिग्नलला त्यानं मोबाइल काढला आणि प्रोफाइलवरचा शंकर काढून टाकला. “तुझ्याआधी मला दिसायला नको होता रे. आठवडाभर चोरी केल्यासारखं वाटतंय.”

“काहीतरीच काय,” मी मागून म्हणालो. त्याच्या चांगुलपणाचाही मला हेवा वाटला.

घरी येऊन वही उघडली. तारीख लिहिली, जागा लिहिली आणि पेन थांबलं. आठ हिवाळ्यांनी शंकर दिसला होता. ही बातमी पळत जाऊन सांगावी असा मला एकच माणूस आहे, आणि तो वरच्या मजल्यावर माझ्यासाठी पुढचा रविवार मोकळा करत होता.