एक जूनला जन्मलेल्या बाया

सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रोग्यांची यादी जुन्या कम्प्युटरमधून जिल्ह्याच्या नव्या सर्व्हरवर न्यायचं काम मी घेतलं होतं. दवाखाना अहेरीच्या पुढे, जंगलातला. मी चंद्रपूरचा. अब्बांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान सोडून कम्प्युटरात शिरलेला, आणि त्याचा माज होता मला.

जुन्या मशीनला कसलाच धरबंध नव्हता. एकच बाई तीनदा आली की कधीकधी तीन नोंदी. नवा डेटाबेस मात्र महाहट्टी. तेच नाव, तेच गाव, तीच जन्मतारीख पुन्हा दिसली की सगळी यादीच परत फेकायचा. दोन दिवस डोकं फिरलं माझं. शेवटी प्रोग्राममध्ये सरळ लिहून टाकलं: नाव, गाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस एकच, दोन्ही नोंदींची एक कर.

तिथली सिस्टर म्हणाली, "भाऊ, इथी एका गावात एका नावाच्या दोन-दोन बाया असतात. बसून एकेक पाहून घेऊ."

"बाई, सुई कशी टोचायची हे मी शिकवतो काय तुमाले?" मी म्हटलं. यादी एका झटक्यात गेली. मी ऐटीत चहा मागवला.

महिन्याभराने प्रिंटर बसवायला परत गेलो. सिस्टर लसीकरणाला गावात गेली होती, म्हणून खिडकीवर मीच बसलो. एक बाई आली. दर महिन्याच्या गोळ्या घ्यायला पहाटेची निघालेली, कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेलं. मी तिचं नाव टाकलं. समोर आलं, मृत. त्याच नावाची त्या गावातली दुसरी बाई मागे वारली होती, आणि मी दोघींची एक करून बसलो होतो. मृत माणसाची चिठ्ठी निघत नाही, चिठ्ठीशिवाय गोळ्या नाहीत.

डॉक्टर शेजारच्याच खोलीत होते. माझी चूक झाली एवढं सांगितलं असतं तर त्यांनी हाताने चिठ्ठी लिहून दिली असती. पण मग माझं काम कच्चं निघालं असतं ना. मी म्हटलं, "सर्व्हर बंद आहे बाई. पुढच्या सोमवारी या."

"बरं," म्हणून ती गेली. किती निर्लज्ज होतो मी.

सोमवार उजाडायच्या आधीच तिला बाजेवर घालून आणलं. सिस्टरचा फोन आला तसा मी गाडी काढली. गोळ्या चुकल्याने हाडं ठणकत होती तिची, सलाईन चालू होतं. मी खाली मान घालून तिला सगळं सांगितलं. सर्व्हर चालू होता, हेही.

ती म्हणाली, "माह्याच कार्डात चुकलं असन भाऊ. खरी तारीख मले ठाऊक नाई. कार्डवाल्या साहेबानं एक जून लिवून देल्ली, सगळ्या बायायले तेच."

माझ्या शाळेच्या दाखल्यावरही एक जूनच आहे. अब्बांना तारीख आठवेना, मास्तरांनी एक जून लिहून टाकली. अर्ध्या वर्गाची तीच होती. हे ज्याला जन्मापासून माहीत, त्याने त्या तारखेवरून माणसं ओळखायला निघावं!

मी सिस्टरजवळ गेलो. "बाई, बसता काय माझ्याजवळ? एकेक पाहून घेऊ."

"आता म्हणता काय, भाऊ," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली.